अक्षदा पेंटिंग वर्क्सचं बिल

रंगाऱ्याच्याच डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे, म्हणजे कमाल झाली. पण हर्षितने ती केली, आणि तीही चेहऱ्यावरची रेष न हलवता.

दिवा स्टेशनजवळच्या त्या दुसऱ्या माळ्यावरच्या खोलीत आता फक्त माणसं उरली होती. सामान खाली टेम्पोत चढलं होतं. टिटवाळ्याच्या नव्या खोलीचं पन्नास हजार डिपॉझिट चार वाजेपर्यंत पोचलं नाही तर खोली दुसऱ्याला जाणार, असं तिथल्या मालकाने सकाळीच बजावलं होतं. इथलंही डिपॉझिट पन्नासच. पण हर्षितने हातावर एकोणतीस हजार ठेवले. त्याचे वडील परशुरामशेठ गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून बिल्डिंग तोच बघत होता.

"बाकी एकवीस?" मालनने विचारलं. पैशाचा विषय निघाला की गुणाजीची ही बायको त्याच्या पुढे येऊन उभी राहायची.

"रंगकाम, मावशी. रंगारी येऊन बघून गेला. पैसेपण दिले त्याला."

गुणाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. पस्तीस वर्षं त्याने डोंबिवलीपासून माजिवड्यापर्यंत लोकांच्या भिंती रंगवल्या होत्या. नुसता तळवा फिरवून ओल कुठून येते ते सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी खांदा गेला आणि काम सुटलं, तरी या खोलीत आल्याआल्या त्याच खांद्याने त्याने पदरमोड करून रंगाचे दोन हात मारले होते.

"एक पोपडा दाखव रे," तो ओरडला. "एक डाग दाखव!"

"काका, उगाच वाद नको. पक्कं बिल आहे." हर्षितने घडी केलेला कागद पुढे केला.

गुणाजीने तो उघडला. वर लाल अक्षरांत छापलेलं होतं, 'अक्षदा पेंटिंग वर्क्स'. अक्षदा त्याची मुलगी. ती जन्मली त्या वर्षी त्याने हे बिलबुक छापून घेतलं होतं. खाली सही त्याचीच होती. मधले एकवीस हजार तेवढे हर्षितच्या निळ्या पेनातले.

"गुणाजी, दहा-बारा कोऱ्या बिलांवर सही करून ठेव रं, कामाला येतील," परशुरामशेठ एकदा म्हणाले होते. भाडेकरूंची डिपॉझिटं कापायच्या कामाला, हे गुणाजीला पुरतं ठाऊक होतं. शेठच्या चार बिल्डिंगींचं काम हातात होतं, म्हणून त्याने मान खाली घालून सह्या केल्या. पुढे ही खोलीही त्याच ओळखीवर मिळाली. आता शेठच्या ड्रॉवरमधली बिलं पोराच्या हाती लागली होती, आणि काकांच्या धंद्याचं नाव पोराला कुठून ठाऊक असणार?

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. अडीच वाजले होते.

एक वाक्य बोललं की पैसे सुटणार होते. पण मालन त्याच्याकडेच बघत होती. सात वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या मालकाने त्यांचं डिपॉझिट असंच खाल्लं होतं, असंच बिल दाखवून. तिच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या गेल्याच. "ज्याने खोटं बिल दिलं त्या मेल्याचं कधी भलं होणार नाही," असं ती आठवडाभर म्हणत होती, आणि गुणाजी समोर बसून खाली मानेने जेवत होता.

"ही सही माझी आहे," तो म्हणाला.

हर्षित हसला. गुणाजीने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि कागदाच्या पाठीवर तशीच सही केली. "तुझ्या बापाला कोरी दिलेली मी. इथे कुणी रंगारी आलेला नाही. दाखवू का चौकीत?"

हर्षितचं हसू मावळलं. त्याने निमूट फोन काढला आणि एकवीस हजार पाठवून दिले.

मालन त्याच्या आधी जिना उतरली. टेम्पोत चढल्यावर, पर्स मांडीवर घट्ट धरून तिने विचारलं, "अशी किती दिलेली तुम्ही?"

"मोजली नाहीत."

"त्या रंगाऱ्याला मी शाप दिलेला," ती म्हणाली. "तो मी मागे घेणार नाही."

मग तिने टेम्पोवाल्याला निघायला सांगितलं.