झोंबेपर्यंत

माझ्या आईचे वडील आयुष्यभर लोकांना भाजत आले, आणि भाजून झालं की लोक त्यांच्या पाया पडत. मिरजेकडच्या एका गावात त्यांचा दवाखाना होता आणि पक्षाघात ही त्यांची खासियत. माणसाच्या अंगावरून वारं गेलं, एक बाजू लुळी पडली, की आसपासच्या गावांतून त्याला गाडीत घालून यांच्याकडे आणत. आजोबांचं म्हणणं सरळ होतं. शरीरातला वात बिघडलाय, तो थंड आहे, कोरडा आहे, आणि नसांमध्ये ठाण मांडून बसलाय. त्याला ऊब द्यायची, तेल पाजायचं, आणि तेवढ्याने हलला नाही तर त्याला तिथे बसणं नकोसं करून सोडायचं. हे शेवटचं काम ते फार मन लावून करत.

उडदाच्या तेलाचं मालिश आणि एरंडाच्या पानांचा शेक, हे रोग्याचे सुखाचे दिवस. मग मोहरीचा लेप. मग बिब्बा, ज्याने कातडीवर फोड उठत. त्यानेही भागलं नाही तर तापलेली सळई. रोग्याच्या खोलीची खिडकी कायम बंद, कारण बाहेरचं वारं आत आलं तर आतल्या वाऱ्याला जोर चढतो. जेवायच्या वेळी चांगला हात पंच्याने कमरेशी बांधून टाकायचा आणि भाताची वाटी लुळ्या हाताच्या बाजूला, जेमतेम पोचेल अशी ठेवायची. रोगी रडत, शिव्या देत वाटीपर्यंत पोचला तरी आजोबांनी कधी शाबासकी दिली नाही. 'अजून नाही' म्हणायचे आणि वाटी आणखी पुढे सरकवायचे.

हे सगळं मला आईनेच सांगितलेलं. कॉलेज सोडल्यापासून लग्न होईपर्यंत ती त्यांच्या हाताखाली होती. वैद्यबुवा परवडले पण त्यांची पोरगी नको, असं गावात म्हणायचे. ही गोष्ट ती जेवणाच्या पंगतीत सांगायची, तीही कौतुकाने.

मी वडिलांवर गेलो. रक्त दिसलं की मी जवळची खुर्ची शोधतो. जर्सी सिटीत एका उंच इमारतीत राहतो, एका बँकेचे डेटाबेस सांभाळतो, आणि घरात झुरळ निघालं तर ते माझी मुलगी मारते.

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली आणि एका सकाळी चहा पिताना तिच्या हातातला कप कलला. तोंड वाकडं झालं होतं. रात्री एसीचं वारं अंगावरून गेलं, तेल गरम कर, असं तिने मला जड जिभेने सांगितलं, आणि मी आज्ञाधारकपणे उठून तेलाची बाटली शोधायला लागलो. मुलीने तोवर अँब्युलन्स बोलावली होती. आई वाचली. तिचं बोलणं आधीसारखंच शाबूत राहिलं, आणि ही बातमी चांगली की वाईट यावर आमच्या घरात दोन मतं होती. डावा पाय हळूहळू वॉकरपुरता कामाला आला. डावा हात मात्र मांडीवर पडून असायचा, कुणीतरी जरा वेळ सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा. बोटं तेवढी थोडी वळायची.

खोलीतल्या एसीच्या जाळीवर तिने माझ्याकडून पुठ्ठा लावून घेतला. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी चित्रात दाखवली होती, ती तिने नीट पाहिली होती, मान डोलावली होती. पुठ्ठा तरीही लावायचाच होता.

तिला घरी जायचं होतं, सांगलीला, आपल्या दोन खोल्यांत, एकटीने. त्या हाताने ती तिथे एकटी कशी राहणार, हे मला दिसत नव्हतं आणि तिला ऐकायचं नव्हतं. परतीच्या तिकिटाची तारीख केव्हाच उलटून गेली होती. एका दुपारी माझी बायको तिच्या परकराची नाडी बांधून देत होती. परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला परकराबद्दल एकूणच कमी माहिती आहे. बायकोने इलॅस्टिकचे परकर आणून ठेवले होते, पण आईने ते लहान पोरींचे म्हणून कपाटात टाकले होते. नाडी बांधून होईपर्यंत ती भिंतीकडे बघत उभी होती. मग मला म्हणाली, मला घरी पाठव.

आणि मी, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये नको असलेलं काम टाळायला जो आवाज काढतो तो काढून म्हणालो, "नाडी तुझी तू बांधलीस ना, की त्याच दिवशी तारीख घेतो."

"शब्द?"

"शब्द."

मला वाटलं, मी प्रेमाने विषय मिटवला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नको ते बटण दाबून सगळा डेटा उडवलाय.

पुढच्या आठवड्यात घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी एक जाड हातमोजा काढला आणि आईच्या चांगल्या, उजव्या हातावर चढवून पट्ट्याने आवळला. आता दिवसातला बराच वेळ उजवा हात असा बंद राहील, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागेल, असं त्यांनी फार गोड इंग्रजीत समजावलं. घरच्यांनी मदत करायची नाही, ही ताकीद मला वेगळी, बाजूला घेऊन दिली. माझा चेहरा पाहूनच दिली असावी.

आईने मोजा उलटसुलट करून पाहिला. "हा माझ्या बापाचा पंचा आहे," ती म्हणाली. "फक्त धुतलेला."

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर आजोबा येऊन बसले. आई डाव्या हाताने चमचा उचलायची, तो पडायचा, वरण गाऊनवर सांडायचं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचो. कधी कुणी पाहत नाही असं बघून मी तिच्या मनगटाला खालून बोट लावायचो. ते दिसलं की ती मोज्याच्या हाताने झटकायची.

"तुझ्यासारखा पेशंटचा नातेवाईक आला की बाबा त्याला आधी गावाबाहेर पाठवायचे," ती म्हणाली. "रोग्यापेक्षा याचीच भीती जास्त, म्हणायचे."

माझी मुलगी कॉलेजात वैद्यकाचा इतिहास असा एक विषय घेऊन बसली होती. दुपारी आजीसमोर लॅपटॉप उघडून ती तिला युरोपातले जुने डॉक्टर काय करायचे ते वाचून दाखवायची, अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या मराठीत. त्यांच्या मते नसा म्हणजे पोकळ नळ्या. त्यांतून प्राणासारखं काहीतरी वाहतं, आणि थंड, चिकट कफ आत तुंबला की वाहणं थांबतं. मग तुंबलेलं वितळवायचं. बिछुटीसारख्या, अंगाला लागलं की आग करणाऱ्या झाडाच्या फांद्यांनी लुळ्या हातापायांना फटके मारायचे. किडे वाटून त्यांचा लेप लावायचा, म्हणजे फोड येतात. कोल्हा तेलात उकळायचा, गांडुळं तेलात उकळायची, आणि ते तेल चोळायचं. पुढे विजेचा शोध लागल्यावर काचेच्या बरणीत वीज साठवून तिचे झटके द्यायचे.

आई हे सगळं एखाद्या समव्यावसायिकासारखं ऐकायची. गांडुळं तिला पटली नाहीत. फटक्यांसाठी खाजकुयली जास्त बरी पडली असती, असं तिचं मत पडलं. वाऱ्याचा दोष की कफाचा, यावर आजोबांचं आणि त्या गोऱ्या लोकांचं काही जमत नव्हतं. भाजण्यावर मात्र एकमत होतं.

"आजी, आणि ते कुचला द्यायचे. लाइक, ॲक्चुअल पॉइझन. लुळा हात झटके द्यायला लागला की म्हणायचे, मेडिसिन लागू पडलं."

"आम्हीही द्यायचो. दुधात उकळून."

"आणि डोस जास्त झाला तर?"

"तर मरायचा," आई म्हणाली. "पण हात हललेला असायचा."

मुलगी हसली, आजीही अर्ध्या तोंडाने हसली. मी तेवढ्यात चहा ठेवायला उठलो.

हात पुढे सरकत नव्हता. चमचा तोंडापर्यंत यायचा, पण नाडीसारखी बारीक वस्तू बोटांत टिकायची नाही. मग आईने फर्मान काढलं: मोहरीचा लेप लावायचा. थेरपिस्ट बाईंना विचारू या, असं मी म्हणालो. तिने विचारलं, मोहरी वाटायला लायसन्स लागतं का इथे. इंडियन ग्रोसरीतून मोहरी आणली, मिक्सरमधून काढली, आणि झाकण उघडताच मीच आधी रडून घेतलं. फडक्यावर लगदा पसरून तो तिच्या डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, बांधला.

"किती वेळ ठेवायचा?"

"झोंबेपर्यंत."

टीव्हीवर कुणीतरी केक करत होतं, ते आम्ही बघत बसलो. मी मधेमधे विचारायचो, झोंबतंय का? ती म्हणायची, अजून नाही. केक भट्टीत गेला, बाहेर आला, त्याच्यावर क्रीम चढलं. झोंबतंय? नाही रे, तुमची इथली मोहरीच मेली बेचव. मला उलट बरं वाटत होतं. आजोबांच्या खानदानात एक तरी उपाय न दुखता होतोय, आणि तो माझ्या हातून होतोय.

फडकं सोडलं तेव्हा त्याच्याबरोबर कातडी आली. दुधावरची साय चमच्याला यावी तशी.

मी जवळची खुर्ची शोधली. आई मात्र आपल्या हाताकडे बघत राहिली. खालचं लालभडक मांस तिने उजव्या हाताच्या बोटाने, मोजा त्या वेळी काढलेला होता, हळूच दाबून पाहिलं. मग जरा जोरात दाबलं. दुसऱ्या कुणाचा हात तपासावा तसं.

"मला दाबलेलं काही कळत नाहीये," ती म्हणाली.

मी कुठल्यातरी मलमाचं नाव घेतलं. ती ऐकत नव्हती.

"जे ओरडायचे त्यांचा लेप आम्ही लगेच काढायचो," ती म्हणाली. "जे ओरडत नव्हते, त्यांना वाटायचं, अजून लागू पडला नाही. त्यांचा जास्त वेळ ठेवायचो." मग म्हणाली, "ते आम्हाला भारी सोशीक वाटायचे."

त्यानंतर पंगतीत सांगायची ती गोष्ट तिने पुन्हा कधी सांगितली नाही.

जखम थेरपिस्ट बाईंना दिसलीच. त्यांचा गोडवा एकदम कुठेतरी गेला. असं काही दिसलं की वर कळवणं त्यांना भाग असतं, त्यांनी कळवलं, आणि दोन दिवसांत वृद्धांच्या छळाची चौकशी करणाऱ्या खात्याची एक बाई आमच्या सोफ्यावर येऊन बसली. घरच्यांनी दुभाषी व्हायचं नाही, असा नियम. फोन लावून टेबलावर ठेवला, आणि त्यातून कुठल्यातरी लांबच्या गावची एक मराठी बाई बोलायला लागली. मी समोरच्या खुर्चीत, हात मांडीवर, शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

हे कुणी केलं, असं सोफ्यावरच्या बाईंनी विचारलं.

"मी सांगितलं, याने केलं," आई म्हणाली. "याला काही जमत नाही, एवढं मात्र जमलं."

फोनमधल्या बाईने ते इमानाने इंग्रजीत सांगितलं. चौकशीवाल्या बाईंनी लिहून घेतलं.

तुम्हाला या घरात सुरक्षित वाटतं का?

"हो. खायला घालतात. प्रेमबीम करतात."

तुमच्या इच्छेविरुद्ध तुम्हाला कुणी इथे ठेवून घेतलंय का?

मला वाटलं, आता ती हसेल. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हो. मुलाने."

मग दुभाषी बाईने हळू आवाजात मराठीतच विचारलं, "काकू, हे असंच सांगू ना?"

"असंच सांगा. मला घरी जायचंय आणि हा जाऊ देत नाही. परकराची नाडी बांधता येत नाही म्हणून."

परकर आणि नाडी इंग्रजीत समजवायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ त्या सरकारी बाई माझ्याकडे बघत होत्या. मी शब्द दिलाय, अट आहे, वैद्यकीय कारण आहे, असं मी सांगायला गेलो, तर त्यांनी नम्रपणे हात वर करून मला गप्प केलं. आयुष्यात मी पहिल्यांदाच कुणालातरी भीतिदायक वाटत होतो, आणि तेही आईच्या शिफारशीवर.

चौकशीतून पुढे काही निघालं नाही. मोहरी बंद करा, एवढं लेखी आलं.

जखम भरल्यावर आईने पुन्हा मोजा चढवून घेतला. एका रविवारी सकाळी तिने आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. परकर कमरेला धरून ती पलंगाच्या काठावर बसली होती. मोजा काढून बाजूला ठेवला होता. नाडीचं एक टोक तिने उजव्या हातात घेतलं, दुसरं तोंडाजवळ उचलून दातांत पकडलं, मान वाकडी करून ओढलं, फास घातला. गाठ बसली. मुलीने टाळ्या वाजवल्या. आई माझ्याकडे बघत होती, नाडीचं टोक अजून ओठाला चिकटलेलं.

मी काय बोलणार आहे ते मलाही माहीत नव्हतं.

"अजून नाही," मी म्हणालो. "हाताने."

बायको म्हणाली, अहो, असं काय करता. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मीन." आईने काही वेळ मला नीट पाहून घेतलं. कितीतरी वर्षांनी पाहत असल्यासारखं. मग त्याच दातांनी गाठ सोडली.

"याला बाहेर घालवा," ती म्हणाली. आवाजात राग होता, पण मला तो जरा खूश झालेला वाटला.

पुढे रोज सकाळी तिच्या खोलीचं दार बंद व्हायचं आणि आतून शिव्या ऐकू यायच्या. मला, आजोबांना, मोज्याला, विमान कंपनीला. मी दाराबाहेर कॉफी घेऊन उभा असायचो. शिव्या थांबल्या की मी दाराला कान लावायचो, पुन्हा सुरू झाल्या की बरं वाटायचं.

नदीवर बर्फ तरंगायला लागलं होतं त्या सुमाराला एका सकाळी शिव्या थांबल्या आणि दार उघडलं. आई वॉकर धरून उभी होती. तिने मला आत घेतलं, गाठ सोडली, आणि माझ्यासमोर पुन्हा बांधली. डाव्या अंगठ्याने नाडी पोटाशी दाबून धरली. अंगठा थरथरत होता, घसरत होता, पण सोडत नव्हता. मोजा काढलेल्या उजव्या हाताने फास घातला, ओढला. दात लावले नाहीत.

मी जवळ गेलो आणि गाठ ओढून पाहिली. आजोबांनीही पाहिली असती.

"तारीख घे," आई म्हणाली. "आणि सोबत तू यायचं नाहीस. व्हीलचेअर सांग, तेवढी पुरे. तू आलास तर बांधून देशील."

मी मान डोलावली. मग मी पुन्हा एकदा ओढून पाहिली, जरा जोरात. सुटली नाही.