काकांना चालतं यंत्र बघायचं होतं

वाशीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी बरीच वर्षं ग्रुप टूर विकल्या. एक बस, एक गाइड, सगळ्यांना एकच नाश्ता. मग नोकरी सोडली आणि नेरूळच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून एकेका कुटुंबाला हवी तशी सहल आखून द्यायला लागले. हे नेमकं काय काम आहे ते घरच्यांनाही लवकर कळलं नाही. सासूबाई सोसायटीत सांगायच्या, ‘ती तिकिटं काढते.’ मीही त्यांना दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

सानपाड्याच्या काकूंचा फोन आला तो अशाच दिवसांत. त्यांच्या शेजारणीला मी राजस्थानला पाठवलं होतं, तिच्याकडून त्यांनी नंबर घेतला होता. काकूंना उटीला जायचं होतं. लग्न झाल्यापासून जायचं होतं, आणि लग्नाला आता पस्तिसाच्या वर वर्षं झाली होती. काकांचा पावणे एमआयडीसीत लेथचा गाळा होता. गाळा सोडून ते गावची जत्रा आणि नात्यातली लग्नं एवढ्यालाच बाहेर पडलेले. आता पुतण्या काम बघायला लागला होता, त्यामुळे काकांना कारण उरलं नव्हतं. ‘ते हो म्हणालेत तोवर आखून टाका,’ काकू म्हणाल्या.

मी आखलं. उटीचं तळं, तिथली बाग, डोंगरातली छोटी गाडी, मध्ये एक दिवस कुन्नूर. दोघंही माझ्या घरी आले. काकू टेबलाशी बसून एकेक फोटो बघत होत्या, त्यांचा चेहरा खुलत चालला होता. काका साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘यात चहाचा कारखाना कुठाय?’

उटीत चहाचं म्युझियम आहे, तिथे तिकीट काढून सगळं बघता येतं, असं मी सांगितलं.

‘ते दाखवायला ठेवलेलं यंत्र झालं, ताई. मला चालतं बघायचंय.’

मग त्यांनी जे सांगितलं ते काकूंना अर्थातच माहीत होतं, पण तेवढं सलग त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. चहाची पानं सुकवून झाली की एका मोठ्या गोल यंत्रात मळतात. त्या यंत्राच्या तळाला पितळेच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, पुरणयंत्राच्या जाळीसारख्या नाही, तर पाट्यावरच्या टाक्यांसारख्या उंचवट्यांच्या. त्यांच्यावर घासून पान वळतं. त्या पट्ट्या काका पावण्याच्या गाळ्यात बनवत होते. कोइमतूरचा एक व्यापारी त्या घेऊन जायचा. पुढे त्या कुठल्या मळ्यात बसतात, कशा दिसतात, काकांनी कधी पाहिलं नव्हतं. पट्टी झिजली की नवी मागवायचे, एवढाच त्यांना त्या मळ्यांचा निरोप.

‘आणि चहा मात्र रोज पितोय,’ ते म्हणाले.

मी तो सगळा आराखडा बाजूला ठेवला. ग्रुप टूरवाल्या कंपनीत असते तर हसून विषय बदलला असता. घरच्या टेबलावर बसून काम करण्याचा फायदा म्हणा की तोटा, समोरचा माणूस आपल्याकडे बघत असतो.

व्यापाऱ्याचं दुकान आता त्याचा मुलगा चालवत होता. त्याने आधी फोन उचलले नाहीत, मग उचलला तेव्हा त्याला वाटलं की मी वडिलांच्या वेळची काही तक्रार काढतेय. बऱ्याच समजावणीनंतर त्याने कुन्नूरच्या बाजूच्या काही मळ्यांची नावं दिली. एका मळ्याने सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याने शाळेच्या सहलींसाठीचा फॉर्म पाठवला. तिसऱ्या ठिकाणचे मॅनेजर बोलायला बरे होते, पण सावध. या माणसाला काय विकायचंय, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. काही विकायचं नाही, म्हटलं, त्याने जे बनवलं ते चालताना बघायचंय. मग ते म्हणाले की दोघांना सकाळी पाठवा, आणि स्वेटर घालायला सांगा.

काका-काकू गेले. कोइमतूरपर्यंत विमान, पुढे गाडी. पहिल्यांदा विमानात बसल्याचा फोटो काकूंनी मला पाठवला, त्यात खिडकी होती आणि काकांचा कान होता. सगळं सुरळीत चाललं होतं. कारखान्याच्या दिवशी सकाळी मात्र ड्रायव्हरचा फोन आला. त्याच्या हिंदीतून मला एवढं कळलं की गेट उघडं आहे, साहेब आहेत, पण मशीन बंद आहे. मी काकांना फोन द्यायला सांगितलं. आदल्या दिवशी पाऊस लागला होता, पान पुरेसं तोडलं गेलं नव्हतं, म्हणून आज मळायला पान नव्हतं. उद्या असणार होतं, पण सुकून तयार होईल तेव्हा, दिवसभरात कधीही.

उद्या ते उटीत असायचे होते. परवा परतीचं विमान. म्हणजे कारखाना बघायचा तर उटी हुकणार, आणि उटी बघायची तर कारखाना.

काका लगेच म्हणाले, ‘राहू द्या ताई. बंद तर बंद, बघितलं समजा. हिला उटी दाखवायचीय.’ ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले की मला जास्तच वाईट वाटलं.

मग फोनवर काकूंचा आवाज आला. त्यांनी काकांच्या हातातून फोन घेतला होता.

‘उटीचं हॉटेल रद्द करा,’ त्या म्हणाल्या. ‘तळं काय पळून जातंय? हे इथनं असे परत आले तर वर्षभर मला यांचं तोंड बघायचंय.’

मी कामाला लागले. उटीच्या हॉटेलवाल्याशी गोड बोलून सुटका करून घेतली. पण शनिवार असल्यामुळे कुन्नूरमध्ये एकही बरी खोली मिळेना. ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी दुसरं भाडं होतं, तो त्याच्या भाषेत माझ्याशी आणि माझ्या भाषेत मी त्याच्याशी भांडत होतो. शेवटी मी मॅनेजरनाच फोन केला आणि जवळपास कुठे सोय होईल का विचारलं. ते म्हणाले की मळ्यातला पाहुण्यांचा बंगला रिकामा आहे, तिथे राहू द्या. एवढं मी मागायला धजले नसते. ड्रायव्हरनेही बंगल्यातलं जेवण जेवल्यावर आपलं दुसरं भाडं भावाकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक नुकतंच लग्न ठरलेलं जोडपं बसलं होतं. बाली की व्हिएतनाम यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला. प्रचंड घरघर, आणि पडद्यावर हिरव्या रंगाची साडी. फोन उलटा धरला होता. मी ओरडून सांगितलं, पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम कॅमेरा फिरला. एक भलंमोठं गोल यंत्र जागच्या जागी घुमत होतं, जात्यासारखं, आणि त्याच्यासमोर काका हात मागे बांधून उभे होते. ते जोडपंही माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागलं. कोण आहेत हे, मुलीने विचारलं. मी सांगितलं. बालीचा विषय बराच वेळ निघाला नाही.

बाकीचं मला काकूंनी परत आल्यावर सानपाड्याला घरी बोलावून सांगितलं. यंत्र चालू असताना पट्ट्या दिसतच नाहीत, वर पान असतं. काका वाट बघत उभे राहिले. फेरा संपला, तळाचं दार उघडलं, मळलेलं हिरवं पान खाली पडलं, आणि मग पितळ दिसलं. फोरमनने यंत्र बंद करून त्यांना जवळ बोलावलं. काका पट्ट्यांची टोकं गोल करायचे, बसवणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. तशी टोकं होती. फोरमनने आपला तळवा पुढे करून दाखवला. याआधीच्या, दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यांनी कापल्याची जुनी खूण होती त्यावर, भाषा कळायची गरज पडली नाही.

काकांनी पट्टीवर हात ठेवला. हात हिरवा झाला. ‘नीट बसलीय,’ एवढंच ते म्हणाले, आणि ते हिंदीत म्हणायला हवं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

‘आणि तुम्हाला काय वाटलं?’ मी काकूंना विचारलं.

‘यांच्या शर्टातनं पितळेचा कीस निघायचा,’ त्या म्हणाल्या. ‘खिशातनं, बाहीतनं. पोरगी रांगायची तेव्हा एकदा तिच्या गुडघ्याला लागला. मी केवढी बोलले होते. वर्षानुवर्षं झाडलाय मी तो. मला वाटायचं, याचं पुढं होतं तरी काय. तर ते तिथं होतं. बायका पान निवडत बसल्या होत्या, त्यांना मी मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं हो.’

काका शेजारीच बसून पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ त्याच पानावर होता.

मॅनेजरनी दिलेला चहा काकूंनी आम्हाला करून दिला. उकळायचा नाही, दूध घालायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं म्हणे. काकूंनी आलं किसून, दूध घालून, चांगला खळखळून उकळला. फार छान लागला. काकांनीही दोन कप घेतले.

मग काकूंनी पुढच्या सहलीचा विषय काढला. त्यांची एकच अट होती. ‘या वेळी असं ठिकाण काढा, जिथं यांनी काहीसुद्धा पाठवलेलं नाही.’ आणि त्या कप धुवायला आत गेल्या.

मी अंदमान सुचवलं. समुद्र, वाळू, बोटीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. काकांनी पेपर खाली घेतला.

‘बोटीच्या इंजिनाला पितळेचे बुश लागतात,’ ते हळूच म्हणाले. ‘आमच्या शेजारच्या गाळ्यात करतात.’

‘ऐकू आलं मला,’ काकू आतून म्हणाल्या.