मागील सर्व पत्रे रद्द समजावीत

“लिवा अक्का. महोदय.”

एवढं बोलून ते डोळे मिटायचे. मी ‘महोदय’ टाईप करून थांबायचे. ते डोळे उघडून पडद्याकडे बघायचे, स्वल्पविराम आहे ना याची खात्री करायचे आणि मगच पुढचं वाक्य सांगायचे. महिन्यातून एकदा, बाजार समितीला सुट्टी असेल त्या दिवशी, न चुकता.

लातूरला कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ते आडतीवर मुनीम होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, धुतलेला पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. पत्र नेहमी दिल्लीला जायचं आणि विषय नेहमी एकच असायचा: आयकर रद्द करावा आणि त्याऐवजी देशभर विक्रीवर एकच कर लावावा. “कमावणाऱ्याला इचारू नका, खर्चणाऱ्याला इचारा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मला दरवेळी ठळक अक्षरात घ्यायला लावायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे देश सुधारायची योजना कायम तयार असते. आपण त्याला चहा पाजतो, मान डोलावतो आणि हळूच घड्याळ बघतो. मीही तेच करायचे. पण हा माणूस चहाचे पैसे स्वतः द्यायचा आणि टपरीवाल्याकडे बिल मागायचा. टपरीवाला म्हणायचा, “मुनीमजी, चहाला कुठलं आलंय बिल?” ते गंभीरपणे सांगायचे, “येईल. सवय लावून घ्या.”

जीएसटी आला त्या आठवड्यात ते पेढे घेऊन आले. “अर्धं काम झालं, अक्का. आता आयकर तेवढा काढला की संपलं.” तो काही निघाला नाही. दोन्ही राहिले. ते पुन्हा “महोदय” म्हणून डोळे मिटायला लागले. दिल्लीहून उत्तर असं एकदाच आलं होतं, पत्र संबंधित विभागाकडे पाठवल्याचं. ते त्यांनी माझ्याचकडे लॅमिनेट करून घेतलं.

या वेडामागचं कारण त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. उदगीरला त्यांच्या मोठ्या भावाचं भांड्यांचं दुकान होतं. भावाला आयकराची नोटीस आली. अधिकारी आले, नीट बोलले, वह्या तपासल्या, पाणी पिऊन गेले. चूक निघाली, दंड भरला, प्रकरण मिटलं. पण भावानं सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं की माझ्या वहीत एक ओळ खोटी निघणार नाही. ती निघाली. समाजात ज्यांच्या शब्दावर सोयरिकी जमायच्या, त्यांच्याच मुलीची ठरलेली सोयरिक मोडली. त्यानंतर भाऊ गल्ल्यावर बसले नाहीत. पुढं दुकानही गेलं.

“माणसाला तू किती कमावलंस हे इचारायचंच कशाला?” ते म्हणाले होते. “इचारलं की खरं-खोटं आलं.”

आणि मग एका वर्षी, कधी नव्हे ते, कुणीतरी त्यांचं ऐकायचं ठरवलं. नांदेडला व्यापाऱ्यांची एक बैठक होती, तिथं त्यांना बोलायला दहा मिनिटं मिळाली. त्यांनी माझ्याकडून योजनेच्या शंभर प्रती काढून घेतल्या, आणि ‘सोबत चला, कागद वाटायला कुणीतरी पाहिजे’ म्हणाले. माझी बहीण नांदेडला असते, म्हणून मी गेले.

एसटी लोह्याला थांबली. त्यांनी चहा घेतला नाही.  मी विचारलं, भीती वाटते का? ते नाही म्हणाले आणि एकदम खानावळीतल्या बाईंबद्दल सांगू लागले.

बायको गेल्यापासून ते त्या बाईंकडे जेवायचे. आदल्या दिवशी त्यांनी बाईंना आपलं भाषण ऐकवलं होतं. बाई भाकरी थापत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, आज मला आयकर लागतो का? मुनीमजी म्हणाले, न्हाई. बाईंनी पुढं विचारलं, तुमच्या योजनेत माझ्या तेला-साखरेवर, नवऱ्याच्या गोळ्यांवर लागंल का? लागंल. बाई म्हणाल्या, मी तर कमावते तेवढं सगळंच खर्चते. तुमचे आडतवाले शेठ कमावतात त्यातलं किती खर्चतात?

मुनीमजींकडे याचं उत्तर होतं. योजनेत गरिबांची सोय होती: सरकारनं दर महिन्याला प्रत्येक घराला ठरावीक रक्कम परत द्यायची. त्यांनी ते समजावून सांगितलं. बाईंनी पिठाचा हात पुसला आणि अंगठा त्यांच्यापुढं धरला. भांडी घासून घासून त्यावरच्या रेघा गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवर तो उमटत नव्हता, त्यासाठी त्या तीन महिन्यांपासून खेटे घालत होत्या.

“परत द्यायचंच हाय,” त्या म्हणाल्या, “तर घ्यायलालाव कशाला?”

मुनीमजी मला हे सांगत होते आणि बस सुटायची वेळ झाली होती. “रातभर गणित केलं, अक्का,” ते म्हणाले. “बसंना.”

नांदेडच्या त्या सभागृहात दीडशे तरी माणसं असतील. मी कागद वाटले. अध्यक्षांनी त्यांची ओळख ‘लातूरचे अर्थतज्ज्ञ’ अशी करून दिली. आयकर रद्द करा, या त्यांच्या पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्यालाही पडल्या. मग ते थांबले. मला वाटलं, पान हरवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “ही योजना तुम्हाला आवडंल. मला बी आवडती. पण ज्या बाईच्या हातचं मी जेवतो तिला ती परवडत न्हाई, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं न्हाई.”

 अध्यक्षांनी हसत माईक घेतला आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. जेवणाच्या वेळी आमच्या शेजारी कुणी बसलं नाही. मी वाटलेले कागद पत्रावळीखाली अंथरलेले दिसत होते. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या शेजारी बसून चौदा वर्षांची पत्रं मला आठवत होती.

चार दिवसांनी ते दुकानात आले. “लिवा अक्का. महोदय.” या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पत्र एका ओळीचं होतं: मागील सर्व पत्रे रद्द समजावीत. मी म्हटलं, मुनीमजी, ती पत्रं तिकडं कुणी वाचलीसुद्धा नसतील, रद्द कशाला करता? ते म्हणाले, मी सांगितली होती ना.

सही केल्यावरही ते उठले नाहीत. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“दादाची वही मी लिवायचो,” ते म्हणाले. “दोन महिन्यांची विक्री चढवायची राहिली. माझ्याकडून. नोटीस आली तवा दादानं मला इचारलं, सगळं बरोबर हाय ना? मी ‘हाव’ म्हणलो. त्या ‘हाव’वर दादा सगळ्यांसमोर बोलला.”

मी विचारलं, भावाला हे माहीत आहे?

“न्हाई. मी कायदा बदलायला निघालो होतो.”

दुसऱ्या दिवशी ते उदगीरला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं, बसायला तयार नव्हते. भाऊ ओसरीत बसले होते. यांनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. भावानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग आता मी काय करू?” आणि उठून आत गेले. वहिनीनं चहा दिला. तो पिऊन हे परत आले.

त्यानंतर ते माझ्या दुकानात आले नाहीत. रस्त्यात दिसले तर हात जोडायचे. मी ‘पत्र नाही का या महिन्यात’ असं एकदा गमतीनं विचारलं, ते बरं केलं नाही. त्यांनी खरंच थोडा विचार केला आणि मान हलवली.

थंडीच्या दिवसांत ते गेले. खानावळीतल्या बाईंनीच मला कळवलं. दोन दिवस जेवायला आले नाहीत म्हणून डबा घेऊन त्याच गेल्या होत्या, दार त्यांनीच शेजाऱ्यांकडून उघडवलं.

त्यांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. आम्ही दोघी बायका जरा बाजूला उभ्या होतो. आडतीवरचे चार-पाच जण होते. सगळं आवरत आलं तेव्हा एक म्हातारे गृहस्थ रिक्षातून उतरले. चेहरेपट्टी तीच, हे मोठे भाऊ हे मला कुणी सांगावं लागलं नाही. लोकांनी वाट दिली. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली.

विधी करणाऱ्या स्वामींनी त्यांना ती खड्ड्यात टाकायची दोनदा खूण केली. मग बाकीच्यांनी खड्डा भरून घेतला. माणसं हात धुऊन निघाली, बाईही निघाल्या, खानावळ उघडायची होती. मी फाटकापर्यंत येऊन मागं वळून बघितलं. भाऊ तिथंच उभे होते, मूठ मिटलेली.