पाठ माझी, सॅक नातीची

माझी नात हरणाच्या शिकारीला होक्काइदोला जाते, हे पुण्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही. "ट्रेकिंगला जाते," असं माझी लेक फोनवर सांगते आणि मी शेजारी बसून गंभीर मान हलवते. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

बंदुकीचा परवाना नातीने स्वतःच्या हिमतीवर काढला. परीक्षा दिली. इथे जपानात बंदूक सहज देत नाहीत; पोलीस आमच्या ओजिमाच्या घरी येऊन विचारून गेले, मुलगी भांडखोर आहे का म्हणून. "आईशी आहे," असं मी सांगणारच होते, पण लेकीने डोळे वटारले. मारण्याबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही दिलं नाही. जन्मभर मी साधं अंडं फोडलेलं नाही. मला प्रश्न पडला तो निराळाच: चार दिवस बर्फात राहायचं तर माणूस बरोबर नेतं काय, आणि येताना एवढं मोठं हरीण आणतं कसं?

"पाठीवर," नात म्हणाली. "वाटे करतात. गोळी कुणाचीही लागो, सगळ्यांना सारखा वाटा, आणि ज्याचा वाटा त्याने उतरवायचा."

तिथेच घोडं अडलं होतं. सरावाच्या डोंगरात ती कुणाची तरी उसनी सॅक घेऊन गेली आणि सगळ्यांच्या मागे पडली. खांदे सुजले. शिकाऱ्यांच्या गटाचे म्होरके सत्तरीचे गृहस्थ. ते तिला म्हणाले, पाठीला बसणारी सॅक आण, नाहीतर या खेपेला तू झोपडीत थांब आणि भात लाव.

"आजी, ते मला भात लावायला ठेवणार!" तिचे डोळे भरून आले होते.

"मग त्या निमित्ताने शीक तरी," तिची आई म्हणाली. तिला मनातून हेच हवं होतं.

सॅकचं माप उंचीवर नसतं, पाठीवर असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मानेच्या वर आलेल्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत मोजायचं. शिवणाच्या डब्यातली टेप काढून मी तिची पाठ मोजली, तिने माझी. पोरगी माझ्याहून हातभर उंच, पण पाठ तंतोतंत तेवढीच. पाय बापाचे, पाठ माझी! तिला ऑफिसातून सुटायला रोज उशीर, दुकान तोवर बंद. मग ठरलं, मापाला मी जायचं.

"आई, तू? सॅक आणणार?" लेक हसत सुटली. तिला माझा इतिहास माहीत आहे.

तोही सांगून टाकते. आमच्या ह्यांची बदली योकोहामाला झाली तेव्हा मी तिशीतली होते आणि जगात सगळ्यात शहाणी होते. ऑफिसची सहल बर्फात निघाली. ज्याने त्याने आपापलं सामान न्यायचं होतं. मी स्वेटरला जुळणारी पिवळीधमक सॅक घेतली. तिला कमरेला बांधायचा एक जाड पट्टा होता. साडीवर पट्टा? शोभतं का बाईमाणसाला? मी कात्री घेतली आणि कापून टाकला. ह्यांनी विचारलं, "पट्टा कुठे गेला?" मी म्हटलं, "जास्तीचा होता." मग तीत कुकर भरला. पहिल्याच चढावर बाईसाहेबांना पर्वताची हवा बाधली! ह्यांच्या साहेबांनी माझी सॅक उचलली आणि मी रिकाम्या हातांनी "किती सुंदर, किती सुंदर" करत वर पोचले. खांद्यावरचे वळ मात्र पुढे कितीतरी दिवस झाकत होते.

तर या वेळी मी शिन्जुकुच्या दुकानात पट्टा मागूनच सुरुवात केली. विक्रेता चष्म्यातला, अतिशय अदबशीर. माझं जपानी योकोहामाच्या भाजीबाजारातलं. त्याला हसू आलं असेल तर दाखवलं नाही. मी विचारत गेले, तो सांगत गेला. हे कापड असं मऊ का? नायलॉन फांदीला घासलं की आवाज होतो आणि हरीण पळतं. बकलं एवढी मोठी का? जाड हातमोज्यांनी उघडायची असतात. पाणी प्यायची नळी का नको? गोठते. आणि ही पिशवी पाठीच्या चौकटीपासून सुटते कशाला? तो आवाज उतरवून म्हणाला, मधे मांस बांधतात. जड वजन पाठीला चिकटून हवं, लांब गेलं की माणसाला मागे ओढतं.

म्हणजे ही सॅक जातानाच्या सामानासाठी निवडायचीच नाही. येतानाचं ओझं डोळ्यांपुढे ठेवून निवडायची. किती साधी गोष्ट!

त्याने आत वाळूच्या पिशव्या घातल्या. पट्टा कमरेच्या हाडावर यायला हवा म्हणाला, आणि वाकून, दोन पावलं मागे सरकून, ते हाड मलाच शोधायला लावलं. मी शोधलं, पट्टा आवळला आणि दुकानातल्या लाकडी चढावर चढले. खांद्यांवर काही नाही! सगळा भार कमरेवर. "हाच आकार," मी ऐटीत म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी नातीने ती सॅक चढवली. पाठीला झकास. पट्टा मात्र शेवटच्या टोकापर्यंत ओढला तरी आत माझा हात सहज जात होता. सॅक घसरून पुन्हा खांद्यांना लटकली.

"मुरी," ती खाली बसली. मुरी म्हणजे आता काही जमायचं नाही. "आजी, तुला कसा बसला?"

मी माझ्या पोटाकडे पाहिलं. निऱ्या! साडीच्या निऱ्या, आत लोकरीचा परकर, त्याच्या आत गरम विजार. त्या सगळ्या गाठोड्याचं माप मी दुकानात देऊन आले होते. तरुणपणी साडीसाठी पट्टा कापला, म्हातारपणी साडीवरून पट्टा मापला. बदलून आणायला वेळ नव्हता, पहाटेचं विमान होतं.

"मग तुलाही निऱ्या करू," मी म्हटलं.

इथे थंडीत पोटाला लोकरीचा रुंद पट्टा घालतात, हारामाकी म्हणतात त्याला. माझे दोन होते. ते दुमडून तिच्या कमरेवर चढवले, वरून सॅकचा पट्टा. घरातले तांदळाचे सगळे पुडे आत भरले आणि तिला इमारतीच्या जिन्याकडे पिटाळलं. मी लिफ्टने. मजल्यामजल्यावर दार उघडलं की विचारायची, "कमरेवर आहे का?"

"आहे!"

"अजून?"

"आजी, लिफ्ट अडवू नकोस, लोक थांबलेत!"

सगळ्यात वरच्या मजल्यावर ती धापा टाकत हसत होती.

चार दिवस लेक आणि मी भाताचा विषय टाळत होतो. नात आली ती संध्याकाळी, गाल लाल, केसांना धुराचा वास. मांस आईच्या अटीप्रमाणे घरात आलं नव्हतं, ग्योतोकुला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या फ्रीझरमध्ये गेलं होतं. मला निदान बघायचं तरी होतं. पण ते असो.

"भात कुणी लावला?" मी विचारलं.

"म्होरक्यांनी," ती म्हणाली.

मग तिने पाठ फिरवून खांदे दाखवले: स्वच्छ, कुठे रेघसुद्धा नाही. आणि शर्ट जरासा वर केला. कमरेच्या दोन्ही हाडांवर लोकरीच्या विणीची लालभडक नक्षी उठली होती. मी बोट लावून पाहिलं.

"दुखतं का गं?"

"खूप," ती म्हणाली आणि आईलाही दाखवायला आत गेली.