वसंताची बास गिटार आणि माझा अंगठा

"नानांच्या अंगात त्यांचा धाकटा भाऊ आला, आणि गिटार भावानेच वाजवली."

आमच्या गिरीज गावात ही कथा सध्या ज्या थाटात सांगितली जाते, ती ऐकून डोके फिरते. भूतपिशाच्च, अंगात येणे यांवर मी हयातभर विश्वास ठेवलेला नाही, आजही नाही. अंगात येणाऱ्याला भान नसते. मला ते पुरेपूर होते. म्हणून घडले ते मीच लिहितो.

माझा धाकटा भाऊ वसंता आमची केळीची वाडी सांभाळी आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवी. तो गेला. वर्षश्राद्धानंतर त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरला, तेव्हा ऑर्केस्ट्राची मंडळी गिटार मागायला आली. "कपाटात पडून राहण्यापेक्षा नव्या वादकाला देऊ," म्हणाली. मी सांगितले, ती या घराबाहेर जाणार नाही, मीच वाजवीन. ते हसले. शेवटी ठरले — कार्यक्रमात मी एक गाणे निभावायचे, नाहीतर गिटार त्यांची.

शिकवायला शेजारचा बस्त्याव. तो चर्चच्या गायनवृंदात वाजवतो. गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. बोट फ्रेटवर नाही, त्याच्या किंचित मागे दाबायचे. अंगठा मानेच्या पाठीशी, मधोमध. ऐकायला सोपे. माझा अंगठा मात्र वर चढून मान आवळी, आणि तारेतून नुसती खरखर.

"नाना, गिटार आहे ती, फावडं नाय. दांडा काय आवळता?"

"तुझ्या जन्माआधीपासून फावडे धरतो आहे मी."

"तेच तर झालंय ना."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओटीवर एकटा होतो. पुन्हा तीच खरखर. घेऊन जा म्हणून मंडळींना फोन करावा, इथवर आलो... आणि पाठीमागून कोणीतरी माझा अंगठा धरला, खाली ओढून मानेमागे टेकवला. बोटे गार, खरबरीत. बळजबरी नव्हती, वैताग होता. मग माझी बोटे एकेक करून फाकवली. तार दाबली — सूर स्वच्छ, भरीव. वळून पाहिले, कोणी नव्हते.

सून स्मिता आतून आली. "बस्त्यावभाऊ कधी आले?"

"आलेला नाही."

"मग वाजवलं कोणी?"

"मी."

ती ओटीवर आणखी कोणी आहे का पाहून आत गेली. गावातली कथा तिथूनच निघाली असावी.

दुसऱ्या दिवशी मी गाणे शेवटपर्यंत वाजवले. गिटार घरीच आहे.

बस्त्याव म्हणतो, सरावाने हात बसला. मुलगा म्हणतो, या वयात हात बधिर होतो, भास होतात. दोघे निदान भूत आणत नाहीत, पण चुकतात. मला कोणी धरले, याचे स्पष्टीकरण माझ्यापाशीही नाही, आणि नाव घ्यायला मी तयार नाही. एवढेच सांगतो: दुखऱ्या गुडघ्यामुळे त्याआधी आठवडाभर मी ओटीखाली पाऊल टाकले नव्हते, केळीची बाग तर वसंता गेल्यावर आम्ही मुळासकट काढून टाकली, आणि त्या दुपारी माझ्या अंगठ्यावर, जिथे धरले होते नेमका तिथे, केळीच्या चिकाचा ओला डाग होता.