केसरबाईंनी खोडलेले वाक्य

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका गेल्या महिन्यात माझ्या हाती आली. तीत चौपन्न पाने आहेत. विहिरीसाठी दगड पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे छायाचित्र आहे, पंचायत समितीच्या सभापतींचा संदेश आहे, आणि मुलींच्या वसतिगृहाविषयी एक परिच्छेदही आहे. वसतिगृहाची व्यवस्था सदैव उत्तम राहिली, असे त्यात म्हटले आहे. ती कोणी ठेवली, हे सांगण्याची आवश्यकता संपादक मंडळाला भासली नाही. मी विचारणा केली. जागेअभावी काही नावे राहून गेली, असे दोन ओळींचे उत्तर आले. शाळेतली नोकरी सोडताना मी काही बोललो नव्हतो. आता जे माहीत आहे ते लिहितो.

केसरबाई नांदुऱ्याच्या उत्तरेकडच्या, पूर्णेकाठच्या एका खेड्यातल्या. त्यांचे पती शेषराव सुतारकाम शिकून आमच्या मिशन शाळेत बाके करण्याच्या कामावर लागले आणि दोघांनी बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले. त्या काळी आमच्याकडे नियम होता की, मोठ्या वयाच्या माणसाने शुभवर्तमानातला एक अध्याय स्वतः वाचून दाखवल्याशिवाय त्याला बाप्तिस्मा द्यायचा नाही. शेषरावांना चार महिने पुरले. केसरबाईंना दोन वर्षे लागली. शाळेच्या गोऱ्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मडम म्हणत, रोज दुपारी धान्य निवडण्याच्या खोलीत त्यांना पाटी घेऊन बसवत. अक्षराखाली बोट धरायचे आणि मोठ्याने, एका ठरावीक हेलात वाचायचे, ही सवय त्यांना तेव्हा लागली. मनातल्या मनात वाचणे त्यांना पुढे कधीच जमले नाही. खोकल्याच्या बाटलीवरचा कागदसुद्धा त्या स्तोत्रासारखा म्हणत, आणि मुली तोंड दाबून हसत.

एकोणीस वर्षे त्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन होत्या. साडेपाचची घंटा, हौदावरची अंघोळ, सकाळची प्रार्थना, भाकरी आणि तुरीचे वरण, शाळा, संध्याकाळची प्रार्थना. सोमवारी बायबलातले नवे वचन पाठ म्हटल्याशिवाय ताट मिळत नसे. हा नियम मडमचा होता. तो मोडण्याचे धैर्य केसरबाईंमध्ये नव्हते, पण रुख्मिणी नावाची एक मुलगी तोतरी होती, तिच्या पाळीला त्या वाढायला वाकत आणि तिच्या कानाशी पुढचा शब्द ठेवून देत. मी हे खिडकीतून पाहिले आहे. मी तेव्हा सातवीला मराठी शिकवत होतो आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचा, चिटणीसही होतो, कारण माझे अक्षर चांगले होते.

शाळेमागे मंडळीचे कब्रस्तान आहे. तिथे केसरबाईंची सात वर्षांची मुलगी पुरलेली होती. ती देवीच्या साथीत गेली. तिच्या डाव्या हाताला शेषराव होते. उजव्या हाताची जागा मोकळी होती. दर शनिवारी केसरबाई तिथले गवत उपटत, तिन्ही जागांचे. मी एकदा सहज म्हणालो की, मोकळ्या जागेचे गवत कशाला काढता. त्या म्हणाल्या, "माही जागा हाय ते, गुरुजी. घर झाडून ठेवलं का माणसाले यायले बरं वाटते." या एका जागेखेरीज त्यांनी आयुष्यात काही मागितल्याचे मला स्मरत नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच सुमारास मडम मायदेशी परतल्या आणि शाळा व मंडळी आमच्या हाती आली. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. परक्यांपेक्षा आपली माणसे कनवाळू असतील, अशी माझी समजूत होती.

१९६३च्या मे महिन्यात केसरबाईंचा भाऊ उकंडा वारला. छप्पन साली गावातल्या त्यांच्या सगळ्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला होता. बहीण ख्रिस्ती, भाऊ बौद्ध, आणि भाऊबीज दोघांनीही सोडली नव्हती. केसरबाई मलकापूरची गाडी धरून पोहोचल्या, तेव्हा माती अडून राहिली होती. मातीच्या वेळी म्हणायच्या शरणांची आणि शीलांची छापील पुस्तिका घरात होती, पण ती वाचणारा एकच तरुण होता, आणि तो भुसावळला रेल्वेत कामाला होता. गावातले बाकीचे वाचते लोक त्या वस्तीत पाऊल टाकणारे नव्हते. मे महिन्याचे ऊन होते. उकंडाची बायको झुंबरबाई हिने पुस्तिका नणंदेच्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई वं, तुले येते ना. तूच म्हण."

केसरबाईंनी वाचले. अक्षराखाली बोट धरून, प्रार्थनेच्या हेलात. लोक मागून म्हणत गेले आणि उकंडाला माती मिळाली.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी साक्षीची सभा भरते. ज्याला वाटेल त्याने उभे राहायचे आणि देवाने त्या आठवड्यात आपल्यासाठी काय केले ते सांगायचे. बहुतेकांचा ताप उतरलेला असतो किंवा हरवलेली शेळी सापडलेली असते. त्या बुधवारी केसरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी देवाचे उपकार मानले. मडमनी मला अक्षर दिले, ते कशासाठी दिले हे मला वीस वर्षांनी कळले, असे म्हणाल्या. माझा भाऊ मुक्यानेच मातीत जात होता, प्रभूने मला वेळेवर पोहोचवले, हेही सांगितले. मग त्या सगळे सांगून खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसले. मागच्या बाजूने कोणी 'आमेन' म्हटले नाही. पाळक पंजाबरावांनी शेवटचे गीत न घेताच सभा संपवली.

कोणी चुगली केली नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे गावात भलतेच बोलले गेले. आरोपी आणि साक्षीदार एकच होती, आणि ती कृतज्ञतेने बोलत होती.

रविवारी मंडळीची कमिटी बसली. मी ठरावाची वही घेऊन कोपऱ्यात होतो. पंजाबराव कठोर मनुष्य नव्हते. पण नवे होते, आणि आपल्या हातून मंडळी सैल झाली असे वरच्यांनी म्हणू नये, ही चिंता त्यांना रात्रंदिवस होती. त्यांनी शांतपणे विचारले, "बाई, तुम्ही परधर्माची प्रार्थना म्हटली, हे खरे?"

"हाव. वाचली."

"तुम्हाला अर्थ ठाऊक होता?"

"खाली मराठीत लिहेल होता. चोरी करू नये, खोटं बोलू नये, दारू पिऊ नये. आपल्या आज्ञाइतलंच तं होतं, पाळकसाहेब."

"प्रश्न आज्ञांचा नाही. तुम्ही शरण कोणाला गेलात, हा आहे."

"मी कुठीसा नाही गेली. मेल्या भावाले पोचवाले गेल्ती."

मंडळीचे वडील, म्हणजे कमिटीतले ज्येष्ठ सभासद, जानराव हसले. ते आमच्या शाळेत कवायत शिकवत. "आता वसतिगृहातल्या पोरीइलेही तेच शिकवसान, बाई?"

"त्याइले अजून बाराचा पाढा येत नाही," केसरबाई म्हणाल्या. "तुमच्या कवायतीतून फुरसद भेटली तं शिकतीन."

कमिटीतले दोघे हसले आणि लगेच गप्प झाले. जानराव हसले नाहीत. माझ्या मते प्रकरण तिथेच बिघडले, परंतु वहीत हसण्याची नोंद करत नाहीत.

त्यांना शिस्तीखाली ठेवण्यात आले. आमच्या मंडळीत त्याचा अर्थ असा की, अशा व्यक्तीला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, मिळत नाही, प्रार्थना चालवता येत नाही, उपासनेत दाराजवळच्या शेवटच्या सतरंजीवर बसावे लागते. आणि शिस्त उठण्यापूर्वी मरण आले, तर कुंपणाच्या कडेला, विधीवाचून पुरतात. मेट्रनचे काम अर्थातच गेले. त्यांना स्वयंपाकघराच्या मागची खोली राहायला दिली आणि धान्य निवडण्याचे काम दिले, ज्या खोलीत त्या वाचायला शिकल्या त्याच खोलीत. शिस्त उठवण्यासाठी मंडळीसमोर उभे राहून तीन वाक्ये म्हणायची होती. ती मी लिहून दिली: मी परधर्माच्या विधीत भाग घेतला. मी देवाविरुद्ध पाप केले. मंडळीने मला क्षमा करावी.

केसरबाई पहिले वाक्य म्हणायला तयार होत्या, तिसरेही. दुसरे त्यांनी म्हटले नाही. पंजाबराव दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले. दुसऱ्यांदा ते डोळे पुसत परतले, पण ठराव त्यांनी बदलला नाही. मंडळीच्या बायकांनी समजावले, "म्हनून टाक वं, शब्दच तं हायेत." त्यावर केसरबाईंनी त्यांना विचारले, "वाचलं ते पाप असन, तं वाचायले शिकवलं काऊन?" मला कोणी विचारले नाही.

वीस महिने त्या शेवटच्या सतरंजीवर बसल्या. प्रभुभोजनाचे ताट रांगेने येई आणि त्यांच्या अलीकडून वळे. मुलींना त्यांच्याशी बोलण्याची मनाई नव्हती, पण नवी मेट्रन पाहत असे, आणि मुली शहाण्या होत्या. शनिवारचे गवत मात्र त्यांनी सोडले नाही. तिसऱ्या जागेचेही काढत.

पासष्टच्या जानेवारीत त्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले, पाय सुजले. बुलढाण्याहून आलेल्या डॉक्टरांनी काही आशा दिली नाही. कमिटीने कृपाळू होऊन असे ठरवले की, उभे राहणे शक्य नसल्यास लेखी कबुली चालेल. तो कागद घेऊन मी गेलो.

त्या ज्वारीच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. कागद हातात घेतला, बोट धरले आणि मोठ्याने वाचू लागल्या. पहिले वाक्य संपले. दुसऱ्यावर बोट थांबले.

"हे काढता येत नाही का, गुरुजी?"

"कमिटीचा ठराव आहे, बाई."

"तुम्हीच तं लिहिता ठराव."

"लिहितो. करत नाही."

त्यांचे बोट दुसऱ्या वाक्यावरच राहिले. मग म्हणाल्या, "मले माह्या पोरीजवळ जायचं हाय. तुमाले माहीत हाय ते. पन हे म्हटलं, तं उकंड्याच्या मढ्यावर थुंकल्यावानी होते. तो म्हनन, बहिनीनं पोचवलं आन मंग नाही म्हनली." त्यांनी हात पुढे केला. मी लेखणी दिली. त्यांनी दुसऱ्या वाक्यावर एक रेघ ओढली, सावकाश, पाटीवर ओढतात तशी, आणि खाली आपले नाव लिहिले. "आता पाहा, चालते का."

चालले नाही. खाडाखोड केलेला कागद कबुली म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे जानराव म्हणाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर होते. मी दोन वाक्यांचा नवा कागद लिहून तो पुढे ठेवू शकलो असतो. निदान वाद तरी झाला असता. मला तेव्हा पाच वर्षांची नोकरी पुरी होऊन कायम होण्याचा आदेश यायचा होता. तो एप्रिलमध्ये आला.

केसरबाई नऊ फेब्रुवारीला सकाळी गेल्या. घंटा वाजवली नाही. मुलींना वर्गातच ठेवले. पंजाबराव आजारी असल्याचा निरोप आला. चिटणीस म्हणून सर्व काही ठरावानुसार होते की नाही हे पाहायला कमिटीने मला पाठवले. खांदा देणारे चार, खड्डा खणणारे दोन, नवी मेट्रन आणि मी. कुंपणाकडे जमीन मुरमाड आहे. खड्डा हवा तेवढा खोल गेला नाही. तिथून मुलीची जागा साठ पावलांवर दिसत होती. तिच्या उजव्या हाताला गवत नव्हते.

बसने उकंडाची बायको झुंबरबाई आली होती, एकटीच. कोणी हाकलले नाही, कोणी जवळही बोलावले नाही. देह खाली ठेवला, दोर ओढून घेतले, आणि फावडी उचलली गेली, तशी ती माझ्याकडे आली.

"गुरुजी, कोनी वाचत काऊन नाही?"

मी तिला सांगितले की, शिस्तीखाली असलेल्या व्यक्तीचा विधी होत नाही.

तिने इतरांकडे पाहिले. "इथं वाचता कोना कोनाले येते?"

आम्ही आठही जण मिशन शाळेत शिकलेलो. माझ्या कोटाच्या खिशात नवा करार होता आणि तो तिला दिसत होता. तिने ओटीतून एक मळकी पुस्तिका काढली. "तुमचं वाचा, नाही तं आमचं वाचा. कायबी वाचा. मुक्यानं नका घालू तिले."

"मला परवानगी नाही," मी म्हणालो.

"परवानगी तिलेही नव्हती," झुंबरबाई म्हणाली.

पुस्तिका ओटीत ठेवून ती कुंपणाला धरून उभी राहिली. माती टाकणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. मुरमाचे पहिले फावडे पडले तेव्हा वर्गांमधून मुलींचा आवाज ऐकू येत होता. त्या सोमवारचे वचन एका सुरात घोकत होत्या. मी घड्याळ पाहिले. माझ्या तासाला अकरा मिनिटे उरली होती.