पॉलिशखाली गेलेला डाग

आज शुक्रवार, म्हणून अजमानला अबू राशिदांकडे गेले होते. ग्रुपवर नवीन असलेल्यांसाठी सांगते: ते जुन्या लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफली जमवतात आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांची नोंद करून देते.

आज त्यांच्या वडिलांची रायफल आरशासारखी चमकत होती. नातवाच्या लग्नात इथल्या रिवाजाप्रमाणे ती हातात घेऊन नाचायचं, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरने, इकबालभाईंनी, ती शारजाच्या वर्कशॉपमधून पॉलिश करून आणली होती.

"ताई, बघा, अगदी नवी नवरी!" रत्नागिरीचे इकबालभाई खुशीत होते.

अबू राशिद मात्र लाकडी दस्त्यावरून बोट फिरवत होते. उंटांना देतात तो घराण्याचा डाग वडिलांनी तिथे उमटवला होता. पॉलिशआधी लाकूड घासताना तो गेला. तो उमटवायची लोखंडी डागणी तर कधीच हरवली आहे.

"बेटी, तुमने फोटो लिया था ना? वो देखके फिर बनवाएँगे."

फोटो घेतले होते. कारखान्याचा शिक्का, नळीवरचा नंबर, बोल्टवरचा नंबर. डाग मूळ बनावटीचा नव्हता, म्हणून दस्त्याची दुसरी, स्वच्छ बाजू घेतली होती. तसं सांगितलं.

त्यांनी गालिच्यावर बोटाने खूण काढली, पुसली, पुन्हा काढली. खालचा बाक डावीकडे की उजवीकडे, आठवेना. इकबालभाई मान खाली घालून उभे होते.

"खलास, हबीबी," अबू राशिद त्यांना म्हणाले. "चाय पिलाओ."

आणि ते पुन्हा गालिच्यावर खूण काढू लागले.

तुमच्या घरच्या जुन्या वस्तूवर कोणी मुद्दाम केलेली एखादी खूण आहे का? तिचा फोटो आहे?